भिंतीपलीकडून दोन ठोके

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे, माझ्या सख्ख्या मामा-मामींच्या बाबतीत. मामांनी चाळीस वर्षं थापी चालवली, पण थाप एकही मारता आली नाही त्यांना.

वार मंगळवार. दुपारचे सव्वातीन.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. जागा मात्र जमिनीखाली... सरकत्या जिन्याने उतरायला तीन मिनिटं लागतील इतकी खोल.

*

मामा लादी बसवणारे मिस्त्री. जन्मभर दुसऱ्यांची न्हाणीघरं चकचकीत केली. काम सोडल्यावर एकच हट्ट धरला: परदेशातल्या एका शहरातली भुयारी रेल्वेची स्टेशनं बघायची. संगमरवरी खांब, छताला झुंबरं, भिंतींवर रंगीत काचेच्या तुकड्यांची चित्रं. एका दिवसाच्या तिकिटात नऊ स्टेशनं.

मामीचे गुडघे कामातून गेलेले. तरी ती गेली.

"नाही गेले तर जन्मभर वर्णन ऐकावं लागेल," ती मला म्हणाली होती. "त्यापेक्षा गुडघे परवडले."

*

स्टेशन पहिलं.

भिंतभर निळे पक्षी. मामांनी पक्ष्यांकडे पाहिलंही नाही. बोटाचं पेर वाकवलं आणि भिंतीवर ठोकलं.

टक्.

"भरीव आहे," मामा खूश.

"अहो, लोक बघतायत. कुणाचं दार वाजवताय?"

"लादीमागे सिमेंटचा माल कमी पडला की ती पोकळ वाजते. सवय आहे गं."

"मग घरी जाऊन वाजवा."

स्टेशन दुसरं. झुंबरं. भरीव. मामी बाकावर.

स्टेशन तिसरं. सोनेरी कमानी. भरीव. मामी बाकावर, चपला काढून.

स्टेशन चौथं. मामांना काही आठवत नाही. मामीला फक्त बाक आठवतो.

स्टेशन पाचवं.

*

भिंतीवर सात मजूर. माणसाच्या दुप्पट उंचीचे. सातही जणांनी हात वर करून दगडाची एक प्रचंड तुळई पेलून धरलेली. असल्या चित्रांत मजूर छाती काढून हसत असतात. हे हसत नव्हते. मामा म्हणतात, बाकी सगळं चित्र खोटं असेल, पण ते खांदे खरे होते.

मामीने मोबाइलवर फोटो काढला आणि चित्राखालच्या बाकावर बसली.

"मी आता हलत नाही. पुढची चार तुम्ही बघून या. आणि मला सांगू नका."

मामा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेले. पेर वाकवलं.

पोकळ.

दोन हात सोडून पुन्हा ठोकलं... पोकळ.

सगळी भिंतच पोकळ होती.

समोरची गाडी निघून गेली. फलाट रिकामा झाला. सूचना थांबल्या. मग मामांच्या लक्षात आलं, सरकत्या जिन्याची घरघरही ऐकू येत नाहीये.

आणि भिंतीच्या आतून...

टक्. टक्.

*

इथे कामातली एक गोष्ट सांगायला हवी.

मोठा दगड उभा करताना दोन मिस्त्री लागतात, एक अलीकडे, एक पलीकडे. मध्ये दगड, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. मशीनच्या आवाजात हाकही पोचत नाही. म्हणून ठोके. दोन ठोके म्हणजे 'सोडू का?' उलट एक ठोका म्हणजे 'सोड, मी धरलंय.'

एक ठोका दिला की भार तुमचा. मग शिंक आली तरी हलायचं नाही.

*

मामांचा हात वर गेला. विचार करून नाही. समोरच्याला जांभई आली की आपल्याला येते, तसा.

टक्.

...आणि भार आला.

भिंत हलली नाही. भेग पडली नाही. पण तळहातात वजन उतरलं. एक हात पुरेना. दुसरा लावला. मग खांदा. मामांनी आयुष्यात पुष्कळ दगड पेलले, पण असं वजन नाही. हात काढला की सगळी भिंत पुढे येणार, हे त्यांना अंगातून कळत होतं.

आणि भिंतीखाली मामी. चपला काढून. डोळे मिटून.

हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना.

*

मामी सांगते ते थोडं वेगळं आहे.

तिला डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा हे भिंतीला खांदा लावून उभे, मान खाली. दमले असतील म्हणून तिने बसू दिलं... म्हणजे उभं राहू दिलं. सात गाड्या आल्या आणि गेल्या. एकीतूनही कुणी उतरलं नाही. मग तिला कसंतरीच वाटलं.

"अहो? साखर उतरली का?"

"तू... तिथून... ऊठ."

"उठवत नाहीये हो."

"ऊठ म्हणतो ना!"

चाळीस वर्षांत मामांनी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. ती अनवाणी उठली, भिंत धरू गेली तर ते ओरडले, "भिंतीला हात नको!" ती लंगडत पलीकडच्या खांबापाशी गेली.

मग मामांनी हात काढले.

काहीच पडलं नाही.

जिना घरघरू लागला. दोन बायका बोलत बोलत खाली आल्या. मामीने चपला घेतल्या, आणि तिचं लक्ष वर गेलं.

मजूर सहा होते.

सातव्याच्या जागी करड्या लाद्या. मामांनी मिस्त्रीच्या नजरेने सांधे पाहिले. नव्याने भरलेले नव्हते. सांध्यांत कित्येक वर्षांची काजळी होती.

मामीच्या मोबाइलमधला फोटो मी पाहिलाय. त्यात सात आहेत. तीनदा मोजलेत.

*

उरलेली स्टेशनं पाहिली नाहीत. दोघं घरी आले.

भार उतरला नाही.

मामा आता झोपायच्या खोलीत भिंतीला हात लावून बसतात. मामीला त्यांनी पुढच्या खोलीत झोपायला लावलंय. जेवताना हात काढला की छतातून बारीक आवाज येतो... वाळू सरकल्यासारखा. तो मी ऐकलाय. डॉक्टर म्हणाले, स्नायू दुखावलेत, हाताला आराम द्या.

"देतो की," मामा म्हणाले. "हे धरायला येता का?"

एकदा मी विचारलं, "मामा, तुम्हीच का नाही दोन ठोके देत? कुणीतरी घेईल."

त्यांनी भिंतीवरचा हात बदलला.

"घेईल गं. पण त्याच्या भिंतीखाली कोण बसलंय, ते मला इथून दिसणार आहे का?"

*

परवा सकाळी मामीचा फोन आला.

"काल हे झोपले. चार तास, सलग."

मला हायसं वाटलं. "अगंबाई! औषध लागू पडलं का?"

पलीकडून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता... काहीतरी जड उचलून धरल्यावर लागतो तसा.

"त्यांनी विचारलं नव्हतं हं," ती म्हणाली. "मीच खांदा लावला. झोपमोड नको व्हायला त्यांची."

"मामी, तू आधी बस बघू."

"बसता येत नाही गं ह्यात." मग जरा वेळाने, अगदी सहज, "तुझी सुट्टी कधी आहे?"

शनिवारपासून आहे. आठ दिवस.

मी तिला अजून सांगितलेलं नाही.