सिग्नलच्या आड

आमच्या घराण्यात कोणाचंही काहीही बिघडलं की फोन मला येतो. मी ऑफिसांमध्ये वायफाय बसवतो आणि कुठल्या कोपऱ्यात सिग्नल पोचत नाही ते शोधून काढतो, पण नातेवाइकांच्या लेखी वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या अखत्यारीत येते. काकांचा टीव्ही, मावशीची इस्त्री, इतकंच काय, मामेबहिणीच्या नवऱ्याची गाडीसुद्धा मी पाहिलेली आहे. त्यामुळे ताईचा फोन आला तेव्हा तिच्या बोलण्याआधीच मी उसासा टाकला.

“छोट्या, वायफाय पुन्हा गेलं,” ती म्हणाली. “आज चार वाजता बाईंचा कॉल आहे. तो तुटला तर मला उद्यापासून काम नाही.”

ताई घरी बसून एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी खायची आणि वर त्यांचेच आभार मानायचे, असं ते काम. बाई म्हणजे तिच्या वरिष्ठ. मध्यंतरी कंपनीने सगळ्यांच्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली आणि तेव्हापासून ताईचे कॉल अध्येमध्ये तुटायला लागले. आता बाई स्वतः बोलून बघणार होत्या, लाइन टिकते की नाही ते. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ताईने हे काम स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं. दुसरं शोधायचं त्राण तिच्यात उरलेलं नव्हतं, हे मला फोनवरच कळलं. मी शर्ट चढवला आणि निघालो.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, बाजूला छोटं स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत सोफा, एक कपाट, आणि भिंतीवर घरमालकाने बसवून दिलेला राउटर. आतल्या खोलीत पलंग आणि खिडकीशी टेबल. दोन्ही खोल्यांच्या मध्ये दाराची नुसती चौकट होती, दार कोणीतरी कधीच काढून टाकलेलं. टेबलाशी बसलं की पाठ चौकटीकडे यायची. मान वळवली की राउटरचा हिरवा दिवा समोर दिसायचा, मध्ये एक खुर्चीसुद्धा नाही. इतकी साधी जागा मला ऑफिसात कधी मिळत नाही.

“उगाच घाबरलीस,” मी म्हटलं. “चुटकीसरशी होईल.”

ते झालं नाही. मी राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉपला घरचं नेटवर्क विसरायला लावलं आणि पुन्हा जोडलं. चॅनल बदललं. वीज वाचवण्याची सोय बंद केली. कंपनीच्या हेल्पडेस्कवरच्या मुलीने दुरूनच वायफायचा ड्रायव्हरही बदलून दिला; जुनी सिस्टिम परत आणता येईल का म्हणून विचारलं, तर ते धोरणात बसत नव्हतं. वायर जोडावी तर कंपनीने लॅपटॉपची ती सोय बंद करून ठेवलेली. मोबाइलच्या नेटवर चालवावं तर त्या घरात रेंजच्या नावाने बोंब. दर वेळी वाटायचं, आता जमलं. थोडा वेळ सगळं सुरळीत चालायचं आणि मग पडद्यावरची वायफायची खूण राखाडी व्हायची. माझी पाठ धरली होती. ताई पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती, डॉक्टरकडे बघतात तसं.

शेवटी मी माझ्या धंद्यातलं शेवटचं साधन काढलं. माझ्या फोनवर एक ॲप आहे. ते सिग्नलची रेषा काढतं. सिग्नल चांगला असला की रेषा वर, पडला की खाली. फोन लॅपटॉपला चिकटवून ठेवला आणि रेषेकडे बघत बसलो. रेषा वर होती, सपाट होती. मग ती सावकाश उतरायला लागली आणि एका जागी येऊन थांबली. लॅपटॉपने हात टेकले.

“ताई, मध्ये उभी राहू नकोस गं,” मी मान न वळवता म्हटलं.

“मी चहा टाकतेय,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी वळून पाहिलं. चौकट रिकामी होती. हिरवा दिवा समोर होता.

मी तसं का म्हणालो ते सांगायला हवं. माणसाचं अंग म्हणजे जवळजवळ पाणीच, आणि पाणी सिग्नल गिळतं. राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये माणूस आला की रेषा उतरते, आणि लॅपटॉपच्या जितका जवळ येऊन उभा राहिला तितकी खाली उतरते. मायक्रोवेव्ह किंवा शेजाऱ्यांचं वायफाय आड आलं तर रेषा दातेरी होते. ही तशी नव्हती. इतकी वर्षं ऑफिसांमध्ये रेषा पाहून पाहून मला ती हस्ताक्षरासारखी वाचता येते. कोणीतरी चालत आलं होतं आणि थांबलं होतं.

मी अर्थातच स्वतःवर विश्वास ठेवला नाही. ताईला बोलावून चौकटीत उभं केलं. रेषा तशीच उतरली, तेवढीच. तिला बाजूला केलं, रेषा वर गेली. मग तिला पलंगावर माझ्यासमोर बसवलं आणि दोघंही हललो नाही. थोड्या वेळाने रेषा उतरली.

लॅपटॉप बाहेर सोफ्यावर नेला. तिथे काही वेळ बरं चाललं. मग तिथेही उतरली.

ताईने चहाचा कप माझ्या हातात दिला. “खाली एकदम येते की सावकाश?” तिने विचारलं.

“सावकाश.”

“हं,” ती म्हणाली. “घाई कधी नसते.”

“कशाला घाई नसते?”

ती सोफ्याच्या कडेवर बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. “आपण काम करत असताना मागे येऊन कोणी बघत उभं राहिलं की कळतं ना, तसं. इथे राहायला आले तेव्हापासून आहे.”

“कोण?”

“मी विचारलं नाही.”

“ताई, अगं, मग तू इथे…”

“दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून झाल्यावर मला घाबरायला वेळ कुठे असतो, छोट्या? त्रास काही नाही. नुसतं उभं असतं. ते जायलाच हवं असंही माझं म्हणणं नाही. तू वायफायचं बघ.”

माझ्या हातातला चहा निवला. आता मला बिघाड समजला होता, आणि तो समजला नसता तर बरं झालं असतं. नव्या सिस्टिममध्ये खोट नव्हती. जुनी सिस्टिम सिग्नल पडला तरी नेट धरून ठेवायची, म्हणून इतके महिने ताईचे कॉल टिकले होते. नवी जरा सिग्नल उतरला की हात सोडायची आणि पुन्हा जोडायला वेळ घ्यायची. उभं राहणारं तेव्हाही उभंच होतं. जुनी सिस्टिम ते झाकून घेत होती, इतकंच.

चार वाजत आले. ताईने केस नीट केले, लॅपटॉप आत टेबलावर ठेवला, हेडफोन घातला. मी फोन लॅपटॉपशेजारी ठेवून, कॅमेऱ्यात येणार नाही असा खाली जमिनीवर बसलो. मला भीती वाटत होती. पण खरं सांगायचं तर, तिची नोकरी जाईल ही भीती त्याहून मोठी होती.

बाईंचा चेहरा पडद्यावर आला. बोलणं सुरू झालं.

रेषा उतरायला लागली.

मी ताईकडे पाहिलं, ताईने रेषेकडे. तिने आवाज बंद करायचं बटण दाबलं. ती मागे वळली नाही. आम्ही मोठ्यांशी बोलतो तशा स्वरात, अगदी हळू म्हणाली, “जरा बाजूला व्हाल का? माझ्या पोटाचा प्रश्न आहे.”

रेषा थांबली.

मग वर गेली.

ताईने बटण पुन्हा दाबलं. “सॉरी मॅडम, बोला ना.”

माझा जीव भांड्यात पडला. आता माझं काम संपलं होतं. मी फोन उचलला, चवड्यांवर बाहेरच्या खोलीत आलो आणि राउटरच्या समोरच, कपाटाला टेकून बसलो. पाय पसरले. हिरवा दिवा जेमतेम दोन हातांवर होता. आतून ताईचा आवाज येत होता, स्वच्छ, न अडखळता.

सवयीने मी फोनकडे पाहिलं.

माझी रेषा उतरत होती.

दिव्याच्या आणि माझ्या मध्ये काहीच नव्हतं. मी उठलो, ओरडलो, तर ते परत आत जाईल.

“हो मॅडम,” ताई आत म्हणत होती, “आता अगदी व्यवस्थित आहे.”

शेजारी कोणी बसणार असलं की आपण घेतो, तसे मी पाय जवळ ओढून घेतले.

रेषा आणखी थोडी खाली आली आणि तिथेच थांबली.