तेरखेड्याहून आलेली नोंद

लोहाऱ्यातल्या माझ्या गच्चीवरून मी रोज आभाळाचा अंदाज घेतो. पावसाचा नाही, रेडिओचा. माझा हौशी रेडिओचा छोटा संच थोड्या थोड्या वेळानं एक क्षीण सूर सोडतो. त्यात माझं सांकेतिक नाव, ठिकाण आणि सूर किती ताकदीनं सोडला ते, एवढंच. ज्याला तो पोचतो त्याचा संगणक इंटरनेटवरच्या एका पानावर आपोआप नोंद टाकतो. त्यावरून कळतं, आज लहरी कुठवर जाताहेत. सकाळी जपान, संध्याकाळी इटली.

तेरखेडा मात्र कधीच नाही. या लहरी वर जाऊन उडी मारतात आणि लांब उतरतात. मधला पट्टा मुका राहतो.

त्या पट्ट्यात माझा थोरला भाऊ शांतलिंग राहायचा. हा नाद मला त्यानंच लावला. पण धाकट्यानं थोरल्याला शिकवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. "अण्णा, अँटेनाचा खांब विजेच्या तारेजवळ उभा करू नका," म्हणून मी फोनवर घसा फोडला.

"लई शाणा झालास व्हय?" म्हणाला आणि फोन ठेवला.

उभा करताना खांब त्याच्या हातातच कलला, तारेला टेकला. संपलं. फटाके बनवणाऱ्या गावात राहून कान गेले होते त्याचे, असं मी मातीच्या दिवशीही बोललो. लोकांना वाईट वाटलं. मला अजूनही राग येतो.

पोळा झाल्यावर एका दुपारी अण्णाच्या सांकेतिक नावानं नोंद आली. ठिकाण तेरखेडा. त्यानं मला ऐकलं होतं.

कुणाचा तरी चावटपणा असणार. मी वहिनींना फोन लावला.

"रुद्रम्मा वहिनी, अण्णाचा संच कुणाला दिलाय का?"

"न्हाय भावजी. पेटीत हाय, कुलपात. पेटी गरम लागतीया पण. म्या म्हणलं उन्हानं तापली असंल. पर तिथं ऊन येतंय कुठं?"

मी कुणाला न सांगता माझा संच बंद केला. नोंदी थांबल्या. चालू केला, पुन्हा आल्या. गुपचूप सुराची ताकद इतकी घटवली की दुसऱ्या कुणाचीच नोंद येईना, तरी अण्णाच्या नोंदीत घटवलेलाच आकडा. चावटपणा करणाऱ्याला हे कळणार कसं?

मग माझं डोकं फिरलं. संचाची वायर उपटली. अँटेनाची केबल काढून कोपऱ्यात फेकली. रिकाम्या खोलीत ओरडलो, "अण्णा, खांब तिथं उभा करू नका!"

या संचांचं जाळं माणसाचा आवाज घेतच नाही. फक्त सूर घेतं.

नोंद आली. इतका जोरकस संकेत मी त्या पानावर कधी पाहिला नव्हता.

"आता ऐकून काय उपयोग?" मी रडत म्हणालो. "तेव्हा ऐकायचं होतं!"

आणखी एक नोंद.

त्या दिवसापासून मी घरात फारसं बोलत नाही. बायको विचारते, घसा बसलाय का. मी मान हलवतो.

काल दुपारी पानासमोर नुसता बसलो होतो. आता माझाही संच पेटीत, पेटीला कुलूप, माझं तोंड बंद. मनात फक्त आलं, अण्णा, लागलं का हो फार?

नोंद आली.

मी पेटीवर हात ठेवला. गरम होती.