डावीकडे दाबा

खोटं वाटलं तर वाटू द्या. माझा सख्खा मामा आहे आणि त्याचा डावा हात अजून प्लास्टरमध्ये आहे.

मागचा मंगळवार. भर दुपारी तीन. मामाचं गॅरेज.

शेडमध्ये शाळेतल्या एका बाईंची जुनी गाडी होती. गाडी कसली... पुढून चेपून डबा झालेला. पुढची दोन्ही चाकं गायब.

दोन महिन्यांपूर्वी बाई स्वतः ती घेऊन आल्या होत्या. चावी फिरत नव्हती, स्टीअरिंग लॉक मध्येच अडकायचं. लॉक नवीन टाकायला हवं होतं. मामाने कंटाळा केला. नुसतं तेल मारलं.

"अडकलंच तर चाक डावीकडे दाबा, बाई. सुटतं."

आठवड्यात बाई घाटात गेल्या.

डावीकडे दरी होती.

गाडी वर काढली तेव्हा स्टीअरिंग डावीकडेच लॉक होतं. मामा मात्र सगळीकडे सांगत सुटला, "बाईंना वळणच घेता येत नव्हतं हो!"

आता चार वाजता विम्याचा साहेब ते लॉक बघायला येणार होता. त्याआधी मामाला ते बदलून टाकायचं होतं.

गॅरेजमधला पत्रा ठोकणारा डेंटर म्हणाला, "मिस्त्री, एकटेच बसताय त्या गाडीत? सोबतीला येऊ?"

"तू चहा आण. आणि तोंड बंद ठेव."

डेंटर गेला. मामा सीटवर बसला. डावा हात स्टीअरिंगच्या दांड्यांमधून खाली घातला, लॉकच्या स्क्रूवर. उजव्या हातात चावी.

चावी हलेना.

रस्त्यावरचे हॉर्न थांबले. शेजारच्या दुकानातलं गाणंही...

मग, टक्.

मामाने स्टीअरिंग उजवीकडे दाबलं. दगडासारखं घट्ट.

आणि मागच्या सीटवरून... अगदी नम्र आवाजात...

"डावीकडे दाबते हं, मिस्त्री."

स्टीअरिंग फिरलं.

खाली चाकं नाहीत. रॉड वाकडा. तरी फिरलं. मामाच्या हातासकट.

हाड मोडल्याचा आवाज चहा घेऊन येणाऱ्या डेंटरने दारातून ऐकला. त्याच्या हातातले ग्लास पडले.

"चूक माझी, बाई! माझी! साहेबाला सगळं सांगतो!"

टक्.

स्टीअरिंग सुटलं.

मामाने साहेबाला खरंच सगळं सांगितलं. गॅरेजला टाळं लागलं. आम्हाला वाटलं, झालं... फिटलं.

काल संध्याकाळी तो घरी आला. तिसरा मजला. दाराच्या कुलपात किल्ली अडकली.

"अगं, आतून ओढ जरा!" मामा ओरडला.

आतून आवाज आला, "डावीकडे व्हा ना... सुटतं."

मामी तेव्हा माझ्यासोबत खाली, वाण्याच्या दुकानात होती.

दाराच्या डावीकडे जिना आहे. कठडा कधीचाच तुटलाय. आम्ही वर पोचलो तेव्हा मामाचा एक पाय हवेत होता. मीच कॉलर धरून त्याला मागे खेचलं.

रात्रीपासून तो आमच्याकडे झोपलाय.

आज सकाळी आमच्या दाराची कडी निघेना.

मी उजवीकडे दाबतोय... अजून दाबतोय.