कांदेपोहे, डबल स्कूप

हिरवं दिसलं म्हणून पिस्ता समजून विजयश्रीनं भला मोठा चमचा तोंडात घातला, आणि दुसऱ्याच क्षणी तिचे डोळे पांढरे झाले.

"आई गं...!"

आधी गार, गोड साय लागली. मग लसूण. आणि मग, अरे देवा, मिरची! चाकणच्या कंपनीची बस तिला रोज निगडीला सोडायची. आज ऊन अगदी मरणाचं होतं, म्हणून समोरच्या नव्या आइस्क्रीमच्या दुकानात शिरली बिचारी. असा दगाफटका होईल हे काय ठाऊक!

"पाणी... पाणी द्या हो!"

काउंटरमागच्या उंच, सावळ्या तरुणानं पाण्याऐवजी दुसरा चमचा पुढं केला. "पाण्यानं आणखी वाढेल. हे घ्या. बाजरीची भाकरी आणि गूळ."

"भाकरी? आइस्क्रीममध्ये?"

"आधी घ्या तर!"

घेतलं. जिभेची आग विझली आणि चुलीवरच्या भाकरीचा खरपूस वास नाकात शिरला. रागवायचं तिनं अगदी ठरवलं होतं, पण ते राहूनच गेलं.

"तो पिस्ता नव्हता," ती नाक पुसत म्हणाली.

"ठेचा होता. पाटीवर लिहिलंय की."

"पाटी कोण वाचतं? हिरवं म्हणजे पिस्ता!"

"आमच्या गावात हिरवं म्हणजे मिरची." तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे. "मी समाधान. इकडचाच, चाकणजवळचा. तुम्ही रडताय की हसताय?"

दोन्ही चालू होतं. काय सांगणार!

शहाण्या मुलीनं त्याच दिवशी कानाला खडा लावला असता. पण गुरुवारी कंपनीला सुट्टी, आणि पुढच्या गुरुवारी बाईसाहेब घरून, संत तुकाराम नगरहून, बस पकडून पुन्हा निगडीत हजर. कशासाठी? तर म्हणे, भाकरीचं आइस्क्रीम. बरं, भाकरी तर भाकरी!

मग तो दर गुरुवारचा खेळच होऊन बसला. तिनं डोळे मिटायचे, त्यानं चमचा द्यायचा आणि तिनं ओळखायचं. हुरडा तिनं झटक्यात ओळखला. फोडणीचं ताक ओळखलं. पिठल्याचं आइस्क्रीम मात्र तोंडात जाताच ती खुर्चीवरून ताडकन उठली.

"रिजेक्ट!"

"काय?"

"मी क्वालिटीत आहे ना कंपनीत. पार्ट हातात आला की पास, रिजेक्ट, नाहीतर रिवर्क. हे सरळ रिजेक्ट!"

"ते मला तुम्ही बोलायच्या आधीच कळलं होतं."

"ते कसं?"

"तुमची डावी भुवई वर गेली." तो खाली बघत डबा पुसत म्हणाला. "बाकीची गिऱ्हाइकं तोंडावर छान छान म्हणतात. तुमची भुवई खोटं बोलत नाही."

"इतकं बघता माझ्याकडे?"

"चव तपासायची तर... बघावं लागतं."

आणि साहेबांनी आंब्याचा स्कूप सरळ ठेच्याच्या डब्यात टाकला. दोघंही आ वासून त्या डब्याकडे बघत राहिले. मग विजयश्री जी हसत सुटली ती बस येईपर्यंत.

तोही आधी कंपनीतच होता, हे तिला हळूहळू कळलं. प्रेस मशिनवर काम करायचा. परमनंट व्हायच्या तोंडावर नोकरी सोडली, तेव्हा घरच्यांनी डोक्याला हात लावला. "लोकांना वाटतं, माझं डोकं फिरलंय," तो म्हणाला होता.

"फिरलंयच," ती म्हणाली होती, "पिठल्याचं आइस्क्रीम शहाणा माणूस करतो का?"

असं गुलुगुलु चाललेलं असताना एका गुरुवारी ती आली ती चेहरा पाडूनच.

"पुढच्या गुरुवारी आहे, पण त्यानंतर येणं होईल की नाही... माहीत नाही."

"का? शिफ्ट बदलली?"

"नाही. त्या रविवारी माझे कांदेपोहे आहेत. कुलदीप म्हणून मुलगा आहे, हिंजवडीला. आईला स्थळ फार पसंत आहे. पत्रिकाही जुळलीय." तिनं चमच्याशी चाळा केला. "बहुतेक होईलच सगळं."

समाधानच्या हातातला स्कूप खण्णकन फरशीवर पडला. तो उचलायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. वर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "पुढच्या गुरुवारी नक्की या."

बस्स. अभिनंदन नाही, अरेरे नाही! ती घरी गेली आणि रात्रभर उशीवर कूस बदलत राहिली. तो काहीच का बोलला नाही? आणि तो बोलावा असं आपल्याला इतकं का वाटतंय? हा दुसरा प्रश्न मनात आला आणि ती दचकून उठूनच बसली.

पुढच्या गुरुवारी दुकानात पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी थिजली. पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'आजची नवी चव: कांदेपोहे.'

"थट्टा करताय माझी?" ती पाटीकडे बोट दाखवत म्हणाली.

"नाही. आधी घ्या तर... डबल स्कूप ठेवलाय तुमच्यासाठी."

तिनं रागारागानं चमचा तोंडात घातला. आणि राग विरघळलाच. लिंबाचा हलका आंबटपणा, तळलेल्या कढीपत्त्याचा वास, गुळात परतलेला कांदा, वर कुरकुरीत पोहे आणि शेंगदाणे. हे आइस्क्रीम आहे? तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून तिच्या भुवईकडे बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. आई, रुक्मिणीबाई.

"कुठं हायस गं?"

"निगडीत, बसस्टॉपसमोर. कांदेपोहे..." तोंडात अजून घास होता.

"काय? कुणाकडं?"

"समाधानकडे. आई, मला इतके आवडले ना! मी तर पासच करून टाकलं!"

"विजे! अगं, अण्णांना न विचारता..."

आणि फोन बंद. बॅटरी संपली.

आता बघा, आपल्या भाषेत पोहेही 'आवडले' आणि माणूसही 'आवडले'. त्या माउलीनं काय समजायचं? पण विजयश्रीच्या ध्यानीमनी काही नव्हतं. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"मुद्दाम केलंत ना हे? का?"

"सांगतो... सांगणारच होतो..." समाधानचे कान लाल झाले. पण तेवढ्यात कॉलेजच्या पोरांचा घोळका आत घुसला आणि तो स्कूपवर स्कूप काढत सुटला. विजयश्रीही हट्टाला पेटली. उत्तर मिळाल्याशिवाय इथून हलायचं नाही!

घोळका अजून पांगायचाच होता, तोच दारात करकचून रिक्षा थांबली. रिक्षातून उतरले अण्णा, म्हणजे तिचे वडील हिंदुराव. मागोमाग रुक्मिणीबाई, पदरानं घाम पुसत.

"समाधान कोण हाय?" अण्णांचा आवाज असा की पोरांचे चमचे हवेतच राहिले.

"मी..."

"आमच्या माघारी कांदेपोहे? पोरीचे आईबाप मेलेत का?"

विजयश्री धावत मध्ये आली. "अण्णा! अहो, आइस्क्रीम! कांदेपोह्याचं आइस्क्रीम!"

"मला येडा समजतीस?"

"पाटी वाचा ना!"

अण्णांनी पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. मग बायकोकडे पाहिलं. रुक्मिणीबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"पोह्याचं... आइस्क्रीम? शिव शिव शिव! आणि मी सगळ्या वाटंनं देवाला हाका मारत आले गं!" त्यांना हसावं की रडावं कळेना. "चला, जीव भांड्यात पडला. गैरसमज झाला म्हणायचा. रविवारी कुलदीपकडची मंडळी येणारच हायती. चल विजे, घरी."

झालं. 'हो, गैरसमजच' एवढं म्हणायचं आणि निघायचं. रविवारी साडी नेसायची, ट्रे घेऊन बाहेर यायचं, आणि पुन्हा कधी गुरुवारी या दारात यायचं नाही... विजयश्रीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

आणि तिची डावी भुवई वर गेली.

समाधाननं ती पाहिली. हातातला स्कूप खाली ठेवला, काउंटरच्या बाहेर आला आणि अण्णांसमोर उभा राहिला.

"काका, गैरसमज पोह्यांपुरताच झालाय."

"म्हंजे?"

गिऱ्हाइकांशी शुद्ध बोलणाऱ्या समाधानची बोबडी वळली आणि गावची भाषा आपसूक तोंडात आली. "म्हंजे... आमी अजून काय बोललोच न्हाई. मागच्या आठवड्यात ह्यांनी रविवारचं सांगितलं, आन मला जेवण गेलं न्हाई. म्हटलं, ह्यांच्या कांदेपोह्यांना दुसरं कुणी बसायच्या आत आपन बसावं. तोंडानं इचारायची हिंमत न्हवती, म्हणून आइस्क्रीम केलं." मग तिच्याकडे वळून तो अगदी हळू म्हणाला, "मला तुमी... लई आवडता."

विजयश्रीच्या डोळ्यांना धार लागली, आणि या वेळी मिरची कुठंच नव्हती.

"विजे," रुक्मिणीबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या, "तू फोनवर 'आवडले' म्हणालीस. नक्की काय आवडले? पोहे, का हे?"

"दोन्ही, आई."

रुक्मिणीबाई पुन्हा बसल्या.

अण्णा कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी विजयश्रीचा कप ओढला आणि चमचाभर आइस्क्रीम तोंडात घातलं. भुवया कपाळात गेल्या. डोळे विस्फारले. दुसरा चमचा. तिसरा. सगळं दुकान त्यांच्या जबड्याकडे बघत होतं.

"कंपनी सोडून हे करतोस?"

"व्हय."

"पस्तावा?"

"न्हाई."

अण्णांनी कप रिकामा केला आणि खाली ठेवला. "मीठ कमी हाय. रिवर्क."

विजयश्रीचा चेहरा खर्रकन उतरला. अण्णांनी तिच्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. "तीस वर्षं कंपनीत काढलीत मी. रिवर्क म्हंजे रिजेक्ट न्हवं, एवढं तुला शिकवलं न्हाई का कुणी?" मग ते समाधानकडे वळले. "रविवारी घरी ये. आईवडलांना घेऊन. खरे पोहे गरम असतात."

"अहो, पण कुलदीपकडची मंडळी?" रुक्मिणीबाईंनी तोंडावर हातच ठेवला. "त्यांना काय सांगू मी?"

"फोन कर," अण्णा रिक्षाकडे वळत म्हणाले, "आणि सांग, पोहे संपले."