वाटीतली सुई

बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी घड्याळ थांबलं. दत्तारामकाका ही गोष्ट इथूनच सुरू करतात. जिन्यावर जमलेल्या पोरांना आधी दम देतात, "हसायचं नाही रे. आपल्याच चाळीत, माझ्या डोक्यावरच्या खोलीत घडलंय हे."

पार्ल्याची चाळ, चोपन्न सालच्या पौषातला शुक्रवार. वनमालाची आठ महिन्यांची नीला तीन दिवस तापाने फणफणलेली. डोळ्याला डोळा नाही. नवरा, श्यामसुंदर, डॉक्टरांना आणायला गेलेला. कपाळावरची घडी ओली करायला वनमाला मोरीकडे उठली, तेवढ्यात टिकटिक बंद पडली.

फडकं हातात तसंच राहिलं. घड्याळ थांबवायची खोड एकाच माणसाची. तिच्या सासऱ्यांची, मार्तंडरावांची. रोज जेवण झालं की ते ग्रामोफोन लावायचे. त्याआधी घड्याळाचा लंबक धरून थांबवायचे, टिकटिक तालाच्या आड येते म्हणून. मग खिडकी लावायची. मग दिवा मालवायचा. दर तबकडीला नवी सुई, जुनी पितळेच्या वाटीत. कुणी हूं की चूं करायचं नाही. वनमालाला राग यायचा. मुद्दाम भांडी आपटायची. ते बाहेरून म्हणायचे, "अगं आपट, पण तालात तरी आपट!"

दिवाळीत ते गेले. महिन्याभरात तिने ग्रामोफोन जुन्या बाजारवाल्याला देऊन टाकला. वाटी तेवढी घासून फळीवर पालथी घातली.

खिडकी लागली. वारा नव्हता.

मग दिवा गेला. समोरच्या खोल्यांत मात्र उजेड...

नीला रडायची थांबली. एकदम. कोपऱ्याकडे बघत राहिली. ग्रामोफोनच्या रिकाम्या कोपऱ्याकडे.

वनमालाने तिला उराशी आवळलं. "मामंजी... हिला नका नेऊ हो."

काही नाही. नुसती शांतता. कुणी ऐकायला बसलं की असते, तशी. सगळी तयारी झाली होती. गाणं तेवढं नव्हतं.

तेव्हा तिला कळलं, आणि रडूच फुटलं. "नाहीये तो... मी देऊन टाकला. चुकलं माझं."

घड्याळ अजून थांबलेलंच...

मग तिने अंगाई धरली. आवाज फाटलेला. मांडीवर हाताने ताल. त्यांच्यासमोर ती जन्मात पहिल्यांदा गात होती.

अंगाई संपली.

टिक... टिक...

श्यामसुंदर डॉक्टरांना घेऊन आला, तर दिवा लागलेला. नीला घामाने भिजून गाढ झोपलेली. "उतरला की ताप!" डॉक्टर म्हणाले.

वनमालाचं लक्ष फळीकडे गेलं. पालथी घातलेली वाटी आता सुलटी होती. आत एक सुई. तिने बोट लावलं... कोमट.

त्यानंतर घड्याळ कधी थांबलं नाही. रोज नवाला ती भांडी बाजूला ठेवून बसते. दहा मिनिटं होतात. टिकटिक चालूच राहते. मग ती उठते.

"तेव्हा पोरांनो," काका हळूच म्हणतात, "घरात कुणी गाणं ऐकत बसलं असेल, तर तेवढा वेळ भांडं वाजवायचं नाही. आपापल्या आयांना सांगा. शेजारीही सांगा."