उजव्या खांद्यामागची वाचक

कपड्यांचे चिमटे संपले होते, म्हणून मी दुपारी खालच्या दुकानात गेले होते. संपले म्हणजे सासूबाईंनी जप्त केले होते. मी कॉमिक्स काढते. गोष्ट मीच लिहिते, चित्रं मीच काढते, फुग्यांतली अक्षरं माझीच, आणि छापून आल्यावर पानं दुमडून पिना मारणारीही मीच. शाई ओली असते तोवर पानं गॅलरीतल्या दोरीला चिमट्यांनी टांगून ठेवते. मग नवऱ्याच्या शर्टांना जागा उरत नाही. सासूबाई म्हणतात, "जे अंगात घालता येत नाही ते आधी वाळवायचं, आणि अंगात घालायचं ते ओलंच."

चिमटे घेतले आणि सवयीने बसस्टॉपवर रेंगाळले. वाट बघणारा माणूस स्वतःला विसरलेला असतो, तेव्हा तो काढावा. बस यायच्या आत त्याला कागदावर पकडायचं. आधी पाठीचा बाक, मग पाय, वेळ उरला तर चेहरा. वेळ सहसा उरत नाही, त्यामुळे माझ्या घरी निम्मी माणसं बिनचेहऱ्याची आहेत. त्या दिवशी छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभ्या उभ्या पेंगणारे एक गृहस्थ सापडले आणि मी खूश होऊन वर आले.

ती पेंग मला माझ्या नायकाला द्यायची होती. माझा नायक लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्याला उंचीची भीती वाटते. माझा नवराही लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने पहिली पानं पाहिली आणि म्हणाला, "छान आहे. हा माणूस जरा बावळट वाटतो, पण छान आहे." तो भाजीलाही याच सुरात छान म्हणतो. जिवाला जीव देणारा माणूस आहे, पण मला विनोदावर हसणारं कोणीतरी हवं होतं. प्रदर्शनात टेबल मांडून बसलं की लोक पुस्तक उचलतात, विजेचं बिल वाचावं तसं वाचतात आणि कडा नीट जुळवून परत ठेवतात. कित्येक वर्षांत एक हसू कानावर पडलेलं नव्हतं. हे पुस्तक शेवटचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर नवरा "छान आहे" म्हणाला असता.

तर ती दुपार. बाहेर ढग भरून आले होते. तेव्हा मी काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत काम करायचे. खिडकी डावीकडे होती, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नसे. उजवा कोपरा मात्र कायम अंधारा. त्या दिवशी तो जरा जास्तच अंधारा वाटत होता. आत सासूबाई पडल्या होत्या. निबेची खरखर, शाईचा तुरट वास, दोरीवरच्या पानांची हलकीशी सळसळ, बाकी काही नाही. मी पेंगणारा नायक काढला. त्याची हनुवटी लिफ्टच्या बटणावर टेकलेली, आणि लिफ्ट त्याला घेऊन वर निघालेली. रेघ संपवली आणि निब उचलली.

उजव्या खांद्यामागे कोणीतरी हसलं.

मोठ्याने नाही. तोंडावर हात ठेवूनही नाकातून निसटतं, तसं. बाईचं हसू. त्याबरोबर कानाच्या पाळीला गार वारा लागला आणि खूप दिवस बंद असलेली पेटी उघडल्यावर येतो तसा वास आला. माझा हात जिथे होता तिथेच राहिला. मान वळवायचं धाडस होईना...

"कोण आलंय गं?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "चहा टाकू का?"

"कोणी नाही."

"मग हसलं कोण?"

"मी..."

"तुझं हसू ओळखते मी. हे तुझं नव्हे."

मी हळूच वळून पाहिलं. कोपऱ्यात कागदांचा गठ्ठा आणि पाय मोडलेलं स्टूल. अंगावर सरसरून काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर त्याच काट्याखाली एक निर्लज्ज आनंदही होता. बरोबर जागी हसली होती ती. आधी नाही, नंतर नाही, नेमकं हनुवटीवर!

मग ती रोज दुपारी येऊ लागली. भीती गेली असं म्हणणार नाही. पण हावरटपणा भीतीपेक्षा मोठा ठरला. मी सकाळी बसस्टॉपवर, दवाखान्यात, लायब्ररीत माणसं टिपायचे आणि दुपारी तिच्यासाठी मांडायचे. फसलेल्या विनोदावर कोपरा गप्प राहायचा, मग मी मुकाट्याने पान फाडायचे. एकदा मात्र ती भलत्याच जागी हसली. नायक अडकलेल्या म्हातारीला धीर देतोय, असं गंभीर चित्र होतं. मला राग आला. "यात हसण्यासारखं काय आहे?" मी पुटपुटले. पुन्हा तेच दबलेलं हसू. शेवटी मी चित्राकडे परक्याच्या नजरेने पाहिलं. नायकाला दोन्ही हात डावे काढले होते.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो जेवायचा थांबला.

"तुला हसू ऐकू येतं?"

"हो."

"मग माझं का नाही येत?"

"तू हसतोस कधी?"

"मनात हसतो," तो म्हणाला, आणि जरा दुखावून पुढे जेवू लागला. सासूबाईंनी मात्र शांतपणे सांगितलं, "मी रोज ऐकते. चहा विचारते, पण कोणी हो म्हणत नाही."

पुस्तकाची थोडी पानं राहिली होती आणि घरमालकाचा निरोप आला. त्यांचा मुलगा परत येणार होता, घर सोडायला हवं. भुताला घाबरून घर सोडणारी माणसं पुष्कळ असतील. भूत सुटेल म्हणून घर सोडवत नाही, अशी मी एकटीच असेन. नवऱ्याने खोकी बांधली. मी गॅलरीतल्या त्या कोपऱ्याकडे बघत बसले. ती गेली तर हे पुस्तक मला पुरं करता येणार नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. शेवटी सासूबाई आल्या.

"बोलावलंस का तिला?"

"कोणाला?"

"उगाच वेड पांघरू नकोस. नुसतं 'या कधीतरी' म्हटलं की पाहुणा येत नसतो. नीट बोलवावं लागतं." त्यांनी पदर सारखा केला आणि अंधाऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "आम्ही चाललो. तुम्हीही या. घर लांब आहे आणि वरच्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे. बंद पडली तर आमचा मुलगा आहे."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला रडू आलं.

नव्या घरात भरपूर उजेड होता. कोपरे सगळे स्वच्छ, पांढरे. मी मुद्दाम उजवीकडे पडदा लावला, स्टूल ठेवलं, खिडकी बंद केली. रोज दुपारी निब उचलून थांबायचे. खालून रस्त्याचे आवाज यायचे, पाण्याचा पाइप खुळखुळायचा. हसू नाही. उरलेली पानं मी आंधळ्याने जिना उतरावा तशी काढली. विनोद जमलाय की फसलाय, काही कळेना. पुस्तक छापून झालं, पिना मारून झाल्या, आणि मी नवऱ्याला सांगितलं की हे शेवटचं. या वेळी तो छान म्हणाला नाही. प्रदर्शनाच्या दिवशी सगळी खोकी त्याने एकट्यानेच वर नेली.

मोठा उजळ हॉल, टेबलांच्या रांगा, माणसांची ही गर्दी. आमच्या टेबलामागे दोन खुर्च्या. नवरा पाणी आणायला उठला आणि माझ्या उजवीकडची खुर्ची रिकामी झाली. समोर एक चष्मेवाली बाई येऊन थांबली. तिने पुस्तक उचललं, विजेचं बिल वाचावं तसं वाचू लागली. पानामागून पान. मी टेबलावरच्या कापडाची घडी नीट करत राहिले, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

आणि कानाच्या पाळीला गार वारा लागला.

पेटी उघडल्याचा वास... त्या भर गर्दीत, एवढ्या उजेडात. मग ते हसू. दबलेलं, नाकातून निसटलेलं, अगदी जवळून. बाईने दचकून मान वर केली, माझ्या उजवीकडे पाहिलं, आणि तिलाही हसू फुटलं. तिने पुन्हा पानात डोकं घातलं आणि हसतच सुटली. शेजारच्या टेबलावरचे दोघे काय झालं म्हणून डोकावले, त्यांनीही एकेक प्रत उचलली. माझे डोळे भरून आले. एवढी सुखी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

"सही द्या ना," बाई डोळे पुसत म्हणाली. मी पहिल्या पानावर सही केली. तिने पुस्तक आणि पेन उचललं आणि उजवीकडे सरकवलं. "तुमचीही."

मी मान वळवली नाही. कागदावर पेन फिरल्याचा आवाज ऐकला. तो आवाज ओळखण्यात माझी चूक होत नाही.

बाईने सह्या पाहिल्या. "दोघींचं अक्षर किती सारखं! बहिणी का?"

"हो," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते सहज निघून गेलं.

"मोठी कोण?"

मी काही बोलायच्या आत तिने उजवीकडे पाहिलं, लक्ष देऊन काहीतरी ऐकलं आणि मान डोलावली. "वाटलंच मला," ती म्हणाली, आणि पुस्तक पिशवीत घालून पुढच्या टेबलाकडे गेली.

नवरा पाण्याची बाटली घेऊन आला आणि त्या खुर्चीपाशी थबकला. बसला नाही, दिवसभर माझ्या मागेच उभा राहिला. घरी येऊन मी नव्या पुस्तकाचं पहिलं पान सुरू केलं. मोठी कोण, याचं त्या चष्मेवाल्या बाईला काय उत्तर मिळालं ते मला माहीत नाही. मला त्या बाजूने आजवर फक्त हसूच ऐकू आलेलं आहे.