फळीला लावलेला गाल

ती पडली. म्हणजे पडलीच – भर दुपारी, धाडकन, नाचाच्या तालमीच्या खोलीत. दारात उभा असलेला सुतार हातातली टेप टाकून धावला.

“अहो, लागलं का?”

“नाही हो. सराव चाललाय.”

“पडण्याचा?”

“हो.”

“कमाल आहे! आमच्यात लोक बिनसरावाचे पडतात.”

ती हसली, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

तिची आत्या तिला भिंगरी म्हणायची. ही उडी मारते तेव्हा प्रेक्षक बाहेर जाऊन चहा पिऊन येतात, तरी ही खाली उतरलेली नसते, असं आत्या शपथेवर सांगे. आत्याच्या शपथा आत्यासारख्याच वजनदार.

सुतार नाट्यगृहाच्या मंचावर नवी लाकडी जमीन घालायला आला होता. रोज संध्याकाळी काम संपलं की तो तालमीला येऊन बसे.

“घरी कोणी वाट बघत नाही वाटतं?” तिनं विचारलं.

“कामच करतोय. कोण पडणार आहे, ते जमिनीला कळायला नको?”

मग तिनं त्याला पडायला शिकवलं. “आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा… आता सोडून दे स्वतःला.”

“सोडलं तर धरणार कोण?”

“जमीन.”

“ती मीच घातलीय. मला तिचा भरवसा नाही!”

शेवटी तिनंच त्याला धरलं. त्याच्या तळहाताला ओल्या भुशाचा वास होता… हात सोडायचं दोघांनाही सुचलं नाही. आठवड्याचं काम त्यानं इतकं लांबवलं, की मालकाला वाटलं, लाकडासाठीची झाडं अजून वाढायचीच आहेत.

पण जमीन पुरी झाली. त्याला लांबच्या शहरातून कामाचं बोलावणं आलं.

“प्रयोग बघून निघेन,” तो म्हणाला. “की… थांबू? तेवढं सांग.”

“सांगेन. नाचात. शेवटी नीट बघ.”

“तोंडानं सांगितलंस तर काही मोडेल का?”

“तोंडानं काय, कोणीही सांगतं!” ती मान उडवून म्हणाली. तेव्हा तिला ते फार शोभलं होतं.

प्रयोगाच्या शेवटी ती मंचावरून निघून जायची होती. ती गेलीच नाही. सावकाश आडवी झाली, त्यानं घातलेल्या फळीला गाल लावला, तळहात तिच्यावरून हळुवार फिरवला – नजर सरळ त्याच्याकडे. सगळं प्रेक्षागृह श्वास धरून बसलं.

दिवे लागले. त्याची खुर्ची रिकामी होती.

तिनं त्याला शोधलं नाही. नकार एकदा मिळाला, तेवढा पुरे होता. पुढे मात्र तिला एक खोडच लागली. प्रयोग संपला की ती लोकांना विचारायची, “काय दिसलं?” कोणाला आईचं मरण दिसे, कोणाला भूक, एका आजोबांनी तर तिला कंबरेसाठी तेल सुचवलं. हळूहळू तिनं मंच सोडला आणि ज्यांनी कधी नाच केला नाही, अशांना शिकवू लागली. आखडलेल्या कारकुनांना, शिंपिणींना, आज्यांना. शरीर बोलतं, पण त्याला विचारावंही लागतं, असं ती सांगे.

आणि एका सकाळी दारात तो उभा. केस पांढुरके, उजवा खांदा धरलेला.

“बायकोनं पाठवलंय. म्हणाली, खांदा सुटला नाही तर घरात येऊ नका.” मग त्यानं वर पाहिलं. “…तू?”

वर्ग पांगेपर्यंत तिनं दम धरला.

“त्या संध्याकाळी निघून का गेलास? उत्तर बघितलं नाहीस?”

“बघितलं की! फळीला कान लावून ऐकत होतीस. मला वाटलं, करकरतेय. लाजेनं मेलो. मंचाखाली शिरलो, खिळे चाचपले… म्हटलं, एवढं विचारलं, आणि हिनं चारचौघांत दाखवलं काय, तर माझं काम कच्चं!”

ती हसत सुटली. इतकी, की डोळ्यांना धार लागली, आणि हसू थांबलं तरी धार थांबेना.

“खुळ्या… मी ‘थांब’ म्हणत होते.”

“थांबलो असतो गं,” तो एवढंच म्हणाला.

“उद्यापासून दुपारच्या वर्गाला ये. तो माझी शिष्या घेते. हात चांगला आहे तिचा.”

“आणि तू?”

“मी नको. माझा तुझ्यावर अजून जीव आहे.”

हे वाक्य किती सोपं होतं! ती स्वतःच चकित झाली.

तो खाली बसून बूट घालू लागला. आखडलेल्या खांद्यानं नाडी काही बांधता येईना. तिचे हात पुढे झाले… आणि तिनं ते मागे घेतले.